झाबुआतले सात दिवस

परत येऊन तीन आठवडे झाले. रोज रात्री टॉर्चच्या उजेडात डायरीत चार-पाच ओळी खरडत होते, त्यातल्या निम्म्या आता मलाच लागत नाहीत. एका पानावर नुसतं लिहिलंय, 'डाळ संपली. भिया रुसला.' भिया म्हणजे आमचा सीनियर, इंदुरात सगळेच कोणाचे ना कोणाचे भिया असतात. तो का रुसला होता ते काही केल्या आठवत नाही. उरलेलंही असंच पुसून जायच्या आत लिहून काढते.

मी इंदूरची, सुदामानगरात वाढलेली. घरात मराठी, गेटबाहेर पाय टाकला की इंदुरी हिंदी. कॉलेजात राष्ट्रीय सेवा योजनेत नाव घातलं ते प्रमाणपत्रासाठी, खोटं कशाला बोलू. दोन वर्षांत 240 तास भरायचे आणि सात दिवसांचं एक विशेष शिबिर करायचं. आमचं शिबिर लागलं झाबुआ जिल्ह्यातल्या एका भिल्ल गावात. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही.

निघायच्या आधी मॅडमनी हॉलमध्ये माहिती दिली होती. 2011च्या जनगणनेत जिल्ह्यात शंभरातले 87 लोक आदिवासी, आणि साक्षरता जेमतेम 43 टक्के. तो 43चा आकडा आम्ही पाठ केला, आणि खडू, तक्ते, टूथपेस्ट, साबण असं सगळं खोक्यांत भरून घेतलं. जायचं आणि उरलेल्या 57 जणांचं भलं करायचं, असा एकंदर बेत.

दिवस पहिला, बुधवार

सकाळी पोहे-जिलबी खाऊन निघालो. धार मागे पडलं, राजगढ गेलं, मग माछलिया घाट लागला आणि बसमधल्या अंताक्षरीचा आवाज हळूहळू बसला, कारण तिघांना उलट्या सुरू झाल्या. घाटापलीकडे जमीनच वेगळी. सपाट माळवा संपतो आणि उघड्याबोडक्या टेकड्या एकीमागून एक येत राहतात. जानेवारी असल्यामुळे खालच्या पट्ट्यात गव्हाचा आणि हरभऱ्याचा हिरवा तुकडा, वर नुसती मुरमाड तांबूस माती.

झाबुआच्या अलीकडे राणापूरच्या बाजूला आत वळलो आणि शाळेपाशी उतरलो. उतरल्या उतरल्या मी विचारलं, "गाव कुठंय?" शाळेचे मास्तर न्यायला आले होते, ते म्हणाले, "हेच." मला एकही गल्ली दिसेना. देऊळ, पार, चावडी, गावाची म्हणून जी काही खूण डोक्यात असते, तिचा पत्ता नाही. दूर एका टेकडीवर एक कवेलूचं घर, पलीकडच्या टेकडीवर दुसरं, मध्ये शेतं. भिल्लांचं गाव असंच असतं. ज्याचं शेत तिथे त्याचं घर, आणि अशा दहा-वीस घरांचा मिळून एक फलिया. आमच्या वाट्याला आलेल्या गावात पाच फलिये होते आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालायला पाऊण तास. हे मला पुढच्या सहा दिवसांत पायांनी पाठ झालं.

मुली दोन वर्गखोल्यांत, मुलं ओसरीवर. संध्याकाळी शेकोटीपाशी फलियातले काही म्हातारे येऊन बसले. मॅडमनी सांगून ठेवलं होतं, पुरुषांना 'मामा' म्हणा, इथे तो मान आहे. एका मामांनी माझ्या छातीवरच्या बिल्ल्याकडे बोट दाखवून विचारलं, हे चाक कसलं? मी प्रशिक्षणात घोकलेलं धडाधड सांगितलं. कोणार्कच्या मंदिराचं चाक, त्याला आठ आरे, आठ आरे म्हणजे आठ प्रहर, म्हणजे चोवीस तास आम्ही सेवेला तयार.

मामांनी विडीचा झुरका घेतला. "मग झोपता कधी?"

सगळी शेकोटी हसली. मग तेच मामा म्हणाले, इंदूरच्या पोरी म्हणजे पातालपाणी पाहिलंच असेल. मी म्हटलं हो, दर पावसाळ्यात जातो, धबधबा मस्त असतो, भुट्टे मिळतात. त्यांनी मान हलवली. त्यांच्या लेखी पातालपाणी म्हणजे टंट्या मामाची जागा. इंग्रजांनी 1889 साली जबलपूरला फाशी दिलेल्या टंट्या भिल्लाची समाधी तिथे आहे, आणि हे म्हातारे एवढ्या लांबून तिथे नारळ वाहायला गेलेले. मी दहा वेळा गेले असेन. समाधी बघितली होती का? बहुतेक तिच्या बाजूला उभं राहून सेल्फी काढली होती.

(स्वतःहून जाणार असाल तर: इंदूरच्या गंगवाल बसस्टँडवरून झाबुआच्या बस मिळतात, अंतर दीडशे किलोमीटरच्या आसपास, चार तास धरून चाला. रेल्वेने येणाऱ्यांना मेघनगर, दिल्ली-मुंबई मार्गावरचं. जानेवारीत रात्री जाड पांघरूण लागतंच, 'एमपीत कसली थंडी' म्हणणारी माझी रूममेट दुसऱ्या रात्री सतरंजीत गुंडाळून झोपली होती.)

दिवस दुसरा, गुरुवार

या दिवसाबद्दल लिहायला सगळ्यात जड जातंय, म्हणून पटकन लिहिते. नाही, पटकन नको.

प्रभातफेरी, सूर्यनमस्कार, चहा. दहा वाजता 'स्वच्छता आणि आरोग्य' सत्र, तिसरी ते पाचवीची मुलं, सत्र माझ्याकडे. मी प्लास्टिकचा भला मोठा जबडा आणि हातभर ब्रश घेऊन उभी. तयारी जोरदार होती. समोर पस्तीस-चाळीस मुलं, त्यांतल्या बऱ्याच जणांच्या दातांवर पिवळे-तपकिरी डाग, काहींचे तर पुढचे दात खडबडीत, टवके गेलेले. मला वाटलं, बरोब्बर ठिकाणी आलोय.

"रोज दात कोण कोण घासतं?"

सगळे हात वर.

मी हसले आणि म्हणाले, "खोटं नाही बोलायचं हं."

हात एकेक करून खाली गेले. पहिल्या रांगेतल्या एका मुलीने ओढणीचं टोक तोंडावर धरलं आणि सत्र संपेपर्यंत काढलं नाही. मी वीस मिनिटं ब्रश वर-खाली कसा फिरवायचा ते दाखवलं, टूथपेस्टच्या छोट्या ट्यूब वाटल्या, टाळ्या घेतल्या. फोटोही आहेत.

जेवणानंतर मास्तर हात धुवायला म्हणून मला हातपंपापाशी घेऊन गेले. शाळेजवळचा पंप बंदच होता, त्याच्यावर लाल रंग मारलेला. ते शांतपणे म्हणाले, "मॅडम, ते डाग मळाचे नाहीत." या पट्ट्यात जमिनीखालच्या पाण्यात फ्लोराइड आहे. लिटरमागे दीड मिलिग्रॅमच्या वर गेलं की लहानपणी, दात हिरड्यांच्या आत तयार होत असतानाच, त्यांच्यावर परिणाम होतो. दात बाहेर येतात तेच डाग घेऊन. मग ब्रश करा नाहीतर दातवण, ते निघत नाहीत. आणखी जास्त वर्षं तेच पाणी पोटात गेलं तर हाडं आखडतात, पाय वाकतात. खोल बोअरच्या पाण्यात हे जास्त, उथळ विहिरीच्या पाण्यात सहसा कमी. कॅल्शियम पोटात जात राहिलं तर फ्लोराइडचा जोर थोडा कमी होतो, म्हणून पावसाळ्यात मुलांना ते टाकळ्याची भाजी खायला सांगतात. आपला टाकळाच तो, रस्त्याच्या कडेला उगवतो, कोणी बघतही नाही.

"ही पोरं कडुलिंबाच्या काडीने रोज घासतात," मास्तर म्हणाले. रागाने नाही. रागावले असते तर बरं झालं असतं.

मी रसायनशास्त्राची विद्यार्थिनी आहे. फ्लोराइडचं आयन मीटर आमच्या प्रयोगशाळेत आहे.

रात्री डायरीत एकच ओळ: 'ती मुलगी कोण होती विचारायचं.' दुसऱ्या दिवशी विचारलं आणि तिला शोधून माफी मागितली. तिला माझ्या माफीत काही रस नव्हता. माझ्या केसांतली क्लिप कशी उघडते यात होता.

दिवस तिसरा, शुक्रवार

श्रमदान. नाल्यावर बोरी बंधान घालायचं होतं. महाराष्ट्रात यालाच वनराई बंधारा म्हणतात. सिमेंटच्या रिकाम्या पोत्यांत वाळू-माती भरायची, तोंडं शिवायची आणि वाहत्या नाल्यात आडवी रचायची, म्हणजे उरलंसुरलं पाणी अडतं, आजूबाजूच्या विहिरींना उतरतं आणि गुरांना मार्चपर्यंत तरी पुरतं.

आम्ही पहिल्या तासात तीस पोती गच्च भरली आणि छाती फुगवून उभे राहिलो. फलियातली पाच-सहा माणसं बघत बसली होती. त्यातल्या तडवींनी (गावचे पिढीजात मुखिया) एक पोतं पायाने ढकललं, ते दगडासारखं गडगडत गेलं. गच्च भरलेलं पोतं गोल होतं, गोल पोतं दुसऱ्यावर बसत नाही, मधल्या फटीतून पाणी निघून जातं. पोतं पाऊणच भरायचं, म्हणजे ते लोळतं, दबतं, खालच्याला चिकटतं. विटांसारखे सांधे चुकवून रचायचं, दोन ओळी घालायच्या आणि मधल्या जागेत काळी चिकणमाती तुडवून भरायची. सगळी तीस पोती उघडून पुन्हा भरली. हातांना फोड आले. भियाचे तर फुटलेही. (आत्ता लिहिताना आठवलं, तो रुसला ते याच रात्री. फोड आलेल्या हाताने पोळ्या लाटल्या आणि डाळच उरली नाही.)

दुपारपर्यंत ती पाच-सहा माणसं पंचवीस झाली. कोणी बोलावलेलं मला तरी दिसलं नाही. बायका पाट्या घेऊन आल्या, एकजण शिवायची सुई घेऊन. मी मास्तरांना विचारलं, यांना मजुरी कोण देणार? ते म्हणाले, हलमा आहे हा, मजुरी कसली. एखाद्याचं घर शाकारायचं राहिलं, पेरणी अडली, कोणी आजारी पडलं, की तो हलमा बोलावतो. मग घरटी माणूस येतं आणि काम उरकून जातं. ज्याचं काम त्याने जमलं तर जेवण घालायचं. आज तुमच्याकडे, उद्या माझ्याकडे, हिशेब कोणी लिहीत नाही.

रात्री आजीला फोन लावला (रेंज फक्त शाळेच्या मागच्या टेकाडावर, तिथे रात्री आठला रांग लागायची). आजी मूळची जळगावकडची. तिला हलमा समजावून सांगायला लागले तर तिने मध्येच तोडलं. "अगं, इर्जिक ते. आमच्याकडे वडील घालायचे की. सगळ्यांचे बैल एका शेतात." एकवीस वर्षं मी तिच्या शेजारी बसून जेवतेय, हा शब्द माझ्या कानावर कधी पडला नव्हता. कसा पडेल, विचारलं होतं कधी?

शब्दांचंच निघालं म्हणून, भिल्ली कानाला सुरुवातीला गुजराती वाटते आणि तिसऱ्या दिवशी मध्येच मराठी. ढोर, पोरी, असे शब्द ओळखीच्या माणसासारखे समोर येतात. एका नातवाने आपल्या आजीची ओळख 'ही आमची डोकरी' अशी करून दिली तेव्हा मी दचकले, आमच्या घरी आजीला डोकरी म्हटलं असतं तर पाठ सुजली असती. तिथे त्यात काही वावगं नाही. डोकरी खूश होऊन हसत होती.

दिवस चौथा, शनिवार

सर्वेक्षण. चार पानांचा फॉर्म, जोडी-जोडीने घरं वाटून घेतलेली. माझ्याबरोबर रूममेट. पहिल्याच घरात फॉर्म अडकला.

'कुटुंबातील सदस्य संख्या.' ओसरीवरची डोकरी म्हणाली, नऊ. घरात ती, तिचा म्हातारा आणि दोन नातवंडं. बाकीचे पाच? दोघं बडोद्याला, तिघं राजकोटकडे, इमारतीच्या कामावर. दिवाळीनंतर गेले, होळीला भगोरियाच्या (होळीआधीच्या भिल्लांच्या जत्रेच्या) आधी येतील, पुन्हा जातील, पेरणीला येतील. नऊ लिहायचे की चार? 'मुख्य व्यवसाय' या रकान्यात शेती, मजुरी, इतर, यांपैकी एकावर खूण करायची होती. घरटी दोन-तीन एकर मुरमाड जमीन, त्यातला मका वर्षभर पुरत नाही. चार महिने शेती, आठ महिने मजुरी. दुपारपर्यंत आमच्या फॉर्मच्या समासात फॉर्मपेक्षा जास्त मजकूर झाला.

फलिये असे वाटत होते की कोणीतरी मधली पिढी अलगद उचलून नेलीय. म्हातारे आणि पोरं, पोरं आणि शेळ्या.

म्हणून सातव्या घरात साधारण माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठी बाई दिसली तेव्हा बरं वाटलं. महिन्याचं बाळ मांडीवर, म्हणून यंदा गेली नव्हती. खाटला टाकून दिला, पाणी दिलं. फॉर्म सुरू झाला. स्थलांतर करता का? हो. कुठे? इंदूर.

मी उगाच उत्साहाने म्हटलं, "अरे वा, इंदूरला कुठे?"

"सुदामानगर."

मग ती सांगत गेली. दोन उन्हाळे तिथे होती, तीन मजली घर बांधत होते, ती आणि नवरा, थोरला मुलगा तेव्हा कडेवर. गणपतीच्या देवळापासून दुसरी गल्ली. समोर पिवळ्या गेटचं घर, दाराशी पांढऱ्या तगरीचं झाड. देवळात चतुर्थीला मोदक वाटायचे, तेव्हा मुकादम सगळ्यांना पाच मिनिटं सोडायचा. कोपऱ्यावरच्या दुकानातला माणूस उधार द्यायचा, चांगला होता. पिवळ्या घरातल्या बाई पाणी द्यायच्या, पण बागेच्या नळीने. मे महिन्यात नळी उन्हात पडलेली, त्यातलं पहिलं पाणी उकळतं यायचं. ते जाऊ द्यावं तर आतून आवाज यायचा, पाणी वाया घालवू नका. मग ते कढत पाणीच बाटलीत भरायचं आणि सावलीत ठेवायचं. "त्या घरात एक मुलगी होती. गॅलरीत उभी राहून फोनवर बोलायची. तास तास. पोरगा माझा तिच्याकडे बघत बसायचा, रडायचा नाही. मला कामाला सोपं पडायचं."

पिवळं गेट आमचं आहे. तगर बाबांनी लावलीय.

रूममेटला काही कळलं नाही, ती पुढचा प्रश्न वाचत होती. 'पिण्याच्या पाण्याचा स्रोत.' मी खाली मान घालून हातपंपावर खूण केली. काही बोलले नाही. योगायोग म्हणाल, तर इंदुरात वर चढणाऱ्या भिंतींवर झाबुआ, आलीराजपूर, धारचे हात इतके आहेत की कधी ना कधी हे होणारच होतं. मी समोरच्या बांधकामाच्या धुळीबद्दल दोन उन्हाळे तक्रार केली होती, एवढं मला लख्ख आठवतंय. तिचा चेहरा नाही आठवत. आठवावा म्हणून त्या रात्री खूप प्रयत्न केला.

(सर्वेक्षणाला जाणाऱ्यांसाठी: फोटो विचारल्याशिवाय काढू नका, आणि मुलांना चॉकलेटं वाटू नका, दुसऱ्या दिवशीपासून ती तुमच्याशी नाही, तुमच्या पिशवीशी बोलतात. पाणी दिलं तर घ्या. पोटाची भीती वाटत असेल तर दोन घोट घ्या, पण भांडं परत करू नका.)

दिवस पाचवा, रविवार

झाबुआचा हाट. मला त्या दिवशी गर्दी हवीच होती.

जीपमध्ये आम्ही आत अठरा, वर किती ते मोजलं नाही. शहराच्या बाजूला हाथीपावाची टेकडी लागते, तिच्या उतारावर आडवे चर खणलेले दिसतात, ओळीने, खालपासून वरपर्यंत. समपातळीत खणलेले हे चर पावसाचं धावतं पाणी थांबवतात आणि जमिनीत मुरवतात. गावोगावचे हजारो भिल्ल आपापली गेती-फावडी घेऊन येतात आणि हलम्याने ते खणतात. हे घडवून आणणारे महेश शर्मा यांना 2019 साली पद्मश्री मिळाली. आमच्या तीस पोत्यांचा उरलासुरला अभिमान तिथे उतरला.

हाटात चांदी तोलून विकत होते, तिखटाचे ढीग, बांबूच्या टोपल्या, आणि काळे कुळकुळीत कडकनाथ कोंबडे पाय बांधून ठेवलेले. त्यांचं मांसही काळं असतं, 2018 पासून भौगोलिक मानांकन आहे. भियाने भाव विचारला आणि हात जोडून पुढे सरकला. मी दोन छोट्या झाबुआ बाहुल्या घेतल्या, कापडाच्या, तीरकमठावाला आणि त्याची बायको. मास्तर बरोबर होते, त्यांनी पिटोलच्या भूरीबाईंची गोष्ट सांगितली. पिटोल याच जिल्ह्यातलं, गुजरातच्या सीमेवरचं. त्या भोपाळला भारत भवनच्या बांधकामावर मजुरीला गेल्या होत्या. चित्रकार जगदीश स्वामीनाथन यांनी त्यांना विचारलं, तुमच्याकडे भिंतीवर काढता तसं काढून दाखवाल का? 2021 साली त्यांना पद्मश्री मिळाली. मी गोष्ट ऐकताना एवढंच म्हणत होते, त्यांनी विचारलं तरी.

संध्याकाळी तडवींच्या घरी दाल-पानिये. इंदुरात आम्ही मक्याचं काय करतो, तर भुट्टे का कीस, दूध-तूप-जिरावण घालून, दिवाणखान्यात बसून चमच्याने. इथे मक्याचं पीठ मिठाच्या पाण्याने घट्ट मळलं, तळहाताएवढी जाड भाकर थापली आणि खाखऱ्याच्या, म्हणजे पळसाच्या, दोन पानांत दाबून गोवऱ्यांच्या निखाऱ्यावर टाकली. पान जळतं, आतली भाकर भाजते आणि तिच्यावर पानाच्या शिरांची नक्षी उमटते. कोकणातल्या पानगीची लांबची बहीण म्हणा. बरोबर उडदाची डाळ आणि लसूण-मिरचीचा ठेचा. मी चार खाल्ले. तडवींच्या घरच्यांनी पाचवा टाकला तेव्हा नाही म्हणाले नाही, आणि रात्रभर पाणी पीत बसले.

वर ताडाच्या झाडांना मडकी लावलेली दिसत होती. सकाळी सकाळी उतरवलेली ताडी गोड असते म्हणे. मॅडम बरोबर होत्या, त्यामुळे यावर जास्त लिहिता येत नाही.

दिवस सहावा, सोमवार

सकाळी बंधाऱ्याचं उरलेलं काम, दुपारी समारोपाची तालीम. बंधाऱ्यामागे गुडघाभर पाणी साठलं होतं आणि त्यात तीन म्हशी बसल्या होत्या. उद्घाटन त्यांनी केलं.

चार वाजता एकटीच निघाले. सातव्या घराची चढण चढताना काय बोलायचं ते दोनदा ठरवलं, दोनदा विसरले. ती अंगणात मका सोलत होती. मी बाजूला बसले, एक कणीस घेतलं. नखाने दाणे निघेनात. तिने दाखवलं, आधी एक ओळ काढायची, मग अंगठ्याने बाकीच्या आपोआप कलतात.

बऱ्याच वेळाने म्हणाले, "ते पिवळं गेट आमचं आहे."

"माहीत आहे," ती म्हणाली. "आवाजावरूनच ओळखलं. तेवढा वेळ ऐकलाय."

"मग त्या दिवशी बोलला का नाही?"

"तुम्ही फॉर्म भरत होतात."

यात टोमणा होता का, मी अजून ठरवू शकलेले नाही. तिने बाळ माझ्या मांडीवर दिलं आणि चुलीकडे गेली. थोरला मुलगा, कडेवर असायचा तो, आता पाच वर्षांचा, दाराआडून बघत होता. त्याच्याशी बोलायचा प्रयत्न केला तर पळून गेला. फोनवर नव्हते ना मी.

चहा झाला. अंधार पडायच्या आत उतरावं म्हणून उठले तेव्हा तिने ओंजळभर दाणे माझ्या रुमालात बांधून दिले. मी तिचं नाव विचारलं. फॉर्मवर होतं ते, पण फॉर्मवर मी सासऱ्यांचं नाव कुटुंबप्रमुख म्हणून लिहिलं होतं आणि तिचं चार नंबरला, घाईत, त्यातही चुकीचं.

दिवस सातवा, मंगळवार

समारोप, हार, भाषणं, गटफोटो. ओढणीवाली मुलगी निरोप द्यायला आली, केसांत माझी क्लिप. घाटात यावेळी कोणाला उलटी झाली नाही, सगळे झोपले होते. मॅडमना मी बसमध्येच विचारलं, गावातल्या वापरात असलेल्या पंपांच्या पाण्याचे नमुने आपल्या प्रयोगशाळेत तपासता येतील का. त्या म्हणाल्या, अर्ज लिही. लिहिलाय. एका मित्राचा मामेभाऊ मेघनगरला असतो, तो बाटल्या आणून देणार आहे. प्लास्टिकच्याच बाटल्या सांगितल्यात, फ्लोराइडला काच चालत नाही.

रात्री नऊला घरी पोचले. आईने गरम पाणी काढून ठेवलं होतं. जेवताना समोरच्या घराच्या तिसऱ्या मजल्यावर दिवा लागलेला दिसत होता, तिथे आता भाडेकरू आलेत.

"आई, समोरचं बांधकाम चालू होतं तेव्हा एक बाई पाणी मागायला यायची. कडेवर मूल असायचं."

आई मेथी निवडत होती. "हो की. उन्हाचं पोराला घेऊन काम करायची बिचारी. मी कधी नाही म्हटलं नाही हं तिला पाण्याला. नळीच द्यायचे काढून." मग थोडं थांबून, "का गं?"

मी सगळं सांगितलं. उकळत्या पाण्याचंही. आई बराच वेळ काही बोलली नाही. मग तिने विचारलं, नाव काय तिचं?

मी सांगितलं. तिने ते एकदा म्हणून बघितलं, बरोबर आलं का म्हणून माझ्याकडे पाहिलं, आणि पुढची जुडी सोडली.